नावांची डबलबारी

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, टोमणा मारायचा. दुसऱ्याने तिथल्या तिथे गाऊन उत्तर द्यायचं. गणपतीत ही बारी झाली नाही, तर काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या कोकणी गिरणीकामगारांना सण अळणी वाटायचा. आमचे बुवा म्हणजे माझा थोरला भाऊ. मृदंगावर मी.

त्या वर्षी समोर डिलाईल रोडचे बुवा होते. आधीची बारी दादा त्यांच्याकडूनच हरला होता. मंडळीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला दुपारीच सुनावलं, "आज हरलंस तर पेटी सोडूक व्हयी!" पेटी म्हणजे दादाचा जीव की प्राण. दिवसभर गिरणीत मागाच्या साच्यावर कान किटवून घेणारा हा माणूस पेटीपुढे बसला की राजा व्हायचा. ती गेली तर घरात त्याच्याकडे बघवलं नसतं मला.

मुंबईसह महाराष्ट्राच्या घोषणा देऊन तेव्हा सगळ्यांचेच घसे बसलेले. दादाने नेमका तोच धागा पकडला. मुंबईतल्या जागांना नावं दिली कुणी? अहाहा, काय गायला तो! चिंचांच्या सखल रानात वसली ती चिंचपोकळी, पाडळीची झाडं होती म्हणून परळ, फणसांची ती फणसवाडी. प्रत्येक नावाला पटांगण ओरडायचं, "आमचीच!" माझी बोटं आपोआप धावत होती.

समोरचे बुवा काही कच्चे नव्हते. त्यांनी सवाल टाकला, "तुझी चौकी रे काळी कशानं?"

दादा थांबलाच नाही. "कोण म्हणे डांबर फासलं, कोण म्हणे गिरणीचा धूर बसला. दोन्ही आमच्याच अंगाला लागलंय, विचारतोस काय!" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. लगेच त्याने उलटा वार केला, "आमच्या नावांत झाडं, तुझ्या रस्त्याला साहेबाचं नाव! तो साहेब तुझा कोण रे? मामा की सासरा?"

शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला! जिंकलो, पेटी वाचली, असं म्हणून मी मृदंगावर जोरात थाप मारली.

डिलाईल रोडच्या बुवांनी झांजा थांबवल्या आणि खालच्या पट्टीत सुरू केलं. "साहेब कोण ते मला ठाऊक नाही. पण आमच्या कोपऱ्याला आता नवं नाव पडलंय, चपलांचा नाका. मोर्च्यावरच्या गोळीबारात एक जण तिथे पडला. त्याचं नाव कुणालाच कळलं नाही. त्याला उचलून नेलं, चपला तेवढ्या राहिल्या. त्या हलवायला कुणाचा हात होईना. आता आमची पोरंसोरंसुद्धा म्हणतात, चपलांच्या नाक्यावर भेट."

उत्तर द्यायची पाळी दादाची होती. कोरसवाले त्याला कोपराने ढोसत होते. त्याने पेटीचा भाता बंद केला, पेटी बाजूला सरकवली आणि म्हणाला, "ह्याच्यावर गायचं नसतं. बारी तुमची."

पेटी काढून घ्यायला टपलेले आमचे म्हातारे पुढच्याच रांगेत बसले होते. सगळ्यात आधी तेच उठून हात जोडून उभे राहिले.