लडाखची तालीम, मुलुंडच्या गच्चीवर

ऐंशीच्या दशकातल्या एका डिसेंबरात कंपनीने मला लडाखला टेलिफोनचे खांब उभारायला पाठवायचं ठरवलं, आणि आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगीने मला त्याच दिवशी मेलेला धरलं.

अंधेरीच्या ऑफिसात साहेबांनी बजावलं होतं, "थरावर थर कपडे घाल, पण घाम यायच्या आत एकेक काढत जा. तिथे ओला माणूस गारठून मरतो. धड परत आलास की सुपरवायझर." सुपरवायझर! बाकीचं मी ऐकलंच नाही.

तयारी आईने हातात घेतली. (ती मालवणची, तिने आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीच्या टोपलीत.) रोज सकाळी ती मला खोबरेल चोपडायची.

"आई, तिथे खोबरेल थिजतं," बायको म्हणाली.

"थिजांदे. मगे वारो आत शिरूचो नाय."

आणि तिने माझे कानही चोपडले.

मग शेजारी स्वेटर घेऊन आले. मुंबईत प्रत्येक जोडप्याकडे हनिमूनला महाबळेश्वरला घेतलेला एक स्वेटर असतो. बिल्डिंगीचे असे सहा हनिमून आमच्या घरात जमले. एखादा हरवला तर शेजारणींना काय तोंड दाखवणार, म्हणून आईने सगळे एकात एक घालून गळ्यापाशी आणि मनगटापाशी पक्के शिवून टाकले.

रविवारी दुपारी मी तो गठ्ठा अंगावर चढवून बघत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा कांबळे आला. "तालीमच करतोस ना? मग गच्चीवर आमचा अँटेना सरळ कर. संध्याकाळी पिक्चर आहे यार."

एकाचा केला तर सगळ्यांचेच निघाले. "आलं का?" मी वरून विचारायचो. "मुंग्याच आहेत," खालून उत्तर. तिसऱ्या अँटेनाला माझ्या बाह्यांतून घाम ठिबकू लागला.

"अहो, एक तरी काढा," बायको म्हणाली.

एक निघेना. जोर लावून ओढला तर सहाही डोक्यात अडकले, आणि भर दुपारी माझ्यापुरता अंधार झाला.

शुद्धीवर आलो तेव्हा बायकोच्या हातात कात्री होती आणि अख्खी बिल्डिंग माझ्याभोवती वाकून आपापला स्वेटर ओळखत होती. माझी नाडी तेवढी डॉक्टरांनी बघितली. "ऊन लागलंय," ते म्हणाले, "डिसेंबरातला माझा पहिलाच पेशंट."

साहेबांच्या कानावर गेलंच. लडाखला माझ्या शेजारच्या टेबलावरचा सावंत गेला, धड परत आला, सुपरवायझर झाला. मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण लडाखला निघणाऱ्या नव्या पोरांना थंडीत जीव कसा सांभाळावा हे सांगायला तो दरवर्षी मलाच बोलवायचा. मी नुसतं उभं राहायचं. "यांना बघून घ्या," सावंत म्हणायचा, आणि माझं व्याख्यान संपायचं.