सांबराचं कार्ड

आमचा कार्ड जमवणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. प्रत्येकाने आपापलं कार्ड करायचं: पुढे आपल्या भागातला एखादा प्राणी, मागे त्या प्राण्याशी आपल्या घराण्याचं असलेलं नातं. मग टपालाने अदलाबदल. मी सांबर निवडलं. आमच्या शहरातल्या नेपियर टाउन भागातल्या दुकानातून दहा कार्डं छापून आणली. मागे लिहिलं होतं, ‘माझे आजोबा जंगल खात्यात होते. सांबरांची राखण करायचे.’

आजोबा जंगल खात्यात कधीच नव्हते. शिकारीवर बंदी येण्याआधी ते शिकाऱ्यांबरोबर जायचे, मारलेल्या जनावरांची कातडी सोलायला. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ग्रुपमध्ये सगळे वाघ वाचवणारे, पक्षी मोजणारे. तिथे हे कसं लिहायचं?

बालाघाटच्या एका गृहस्थांना मी टपालाने पाठवलेलं कार्ड फार आवडलं. त्यांचे वडील खरोखरीच वनरक्षक होते आणि अस्वलाच्या हल्ल्यात वडिलांचा एक डोळा गेला होता. त्यांनी स्वतःच्या हाताने अस्वल रंगवून दोनच कार्डं केली होती. त्यातलं एक मला पाठवलं. सोबत चिठ्ठी होती, ‘ताई, तुमचे आजोबा आणि माझे वडील एकाच कामातले. हे दुसऱ्या कोणाला दिलं नसतं.’

मी ते अल्बममध्ये लावलं, ग्रुपवर फोटोही टाकला. लोकांनी कौतुक केलं. मला मात्र तो अल्बम उघडवेना.

त्या रविवारी शहरातच सदर भागात आत्याकडे गेले होते. माझं एक कार्ड पर्समध्ये होतं, ते तिला दाखवलं. चष्मा लावून तिने दोनदा वाचलं.

“राखण काहून लिहिलं? आमचे बाबा तर कातडी काढत होते. कातड्याला मीठ चोळायला मी बसायची त्यांच्यासंगं.”

“आत्या, लोकांना ते आवडलं नसतं.”

“मग त्यांचं नावच काढायचं नव्हतं.” तिने कार्ड माझ्या हातात परत दिलं. “त्यांच्या हातचं कातडं कधी फाटलं नाही. आम्ही पाच भावंडं त्याच्यावर जेवलो. लाज वाटून राहिली का तुला त्यांची?”

“नाही,” मी म्हणाले. तिने विश्वास ठेवला नाही आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत मी बालाघाटला फोन लावला. “दादा, मी खोटं लिहिलं होतं,” म्हणाले आणि सगळं सांगितलं.

“खरं लिहिलं असतं ना ताई,” ते म्हणाले, “तरी मी अदलाबदल केली असती. कदाचित दुसरं एखादं कार्ड दिलं असतं. हे अस्वलाचं आईला विचारून दिलं होतं. परत पाठवा.”

“माझं कार्ड फाडून टाका,” मी म्हणाले.

“तेही पाठवतो. आजोबा तुमचे आहेत, मी कशाला फाडू?”

दोन पुठ्ठ्यांमध्ये नीट घालून मी अस्वल त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवलं. चार दिवसांनी ‘मिळालं’ एवढाच निरोप आला. ग्रुपवर मी खरी गोष्ट लिहिली, काहींनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. ते गृहस्थ अजून तिथे आहेत. अधूनमधून नवं कार्ड दाखवतात, लोक मागून घेतात. मला मागावंसं वाटतं, पण मी मागत नाही.