कठड्याचा फोटो

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी सगळं आयुष्य लोकांची घरं रंगवण्यात घालवलं. स्वतःच्या दाराला रंग लावायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही, आणि त्यावरून काकू येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर त्यांची फिरकी घेत. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, शिडी सुटली आणि काका घरी बसले. काकू इस्पितळाच्या धुलाईखान्यातून आधीच निवृत्त झाल्या होत्या. दिवस खायला उठायचा. अशा वेळी वसाहतीच्या वार्तापत्राने त्यांना हात दिला.

वार्तापत्र म्हणजे चारच पानं. पाणी कधी येणार नाही, कुणाची मांजर हरवली, कुणाला नात झाली. शेवटच्या पानावर ‘ओळखा, हे कुठलं?’ म्हणून एक फोटो असायचा. वाचनालयाच्या बाई तो स्वतः काढत. गावातलीच एखादी जागा, पण इतक्या जवळून टिपलेली की ओळखताना घाम फुटावा: कुठे फाटकाची कडी, कुठे पायरीचा झिजलेला कोपरा. उत्तर लिहून वाचनालयातल्या डब्यात टाकायचं. बरोबर आलं की पुढच्या अंकात नाव.

वार्तापत्र आलं की काका-काकू खिडकीपाशी टेबल ओढून बसत. काका भिंग लावून रंग बघत, काकू बाकीचं सगळं.

“ही पोस्टाची मागची भिंत. मी रंगवलीये, मला विचार.”

“तुम्ही अर्धं गाव रंगवलंय. मागच्या वेळी बँकेचा पाइप शाळेचा म्हणून ठोकून दिलात, माझं हसं झालं!”

“अगं, रंग तोच होता.”

“रंग तोच, पाइप वेगळा. सरका जरा, उजेड येऊ द्या.”

हे भांडण आम्हाला खाली ऐकू यायचं आणि बरं वाटायचं. कारण त्या घरात एरवी शांतताच असे. त्यांचा एकुलता एक मुलगा शाळेत असतानाच नदीत बुडून गेला होता. होडीच्या धक्क्यावर मित्रांबरोबर गेला, शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरला. वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या घरात कुणी तो विषय काढत नसे. ते दोघंही काढत नसत. एकमेकांजवळसुद्धा नाही.

एका अंकात फोटो आला तो लोखंडी कठड्याचा. वळणावरचा तुकडा, हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटलेले, आतून तांबडा प्रायमर डोकावतोय. मागे नुसतं राखाडी काहीतरी.

काकांनी भिंग उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

“बसआगाराच्या मागचा असेल,” ते म्हणाले.

बसआगाराच्या मागे कठडा नाही, हे काकूंना माहीत होतं. पण त्या वाद घालायला गेल्या नाहीत. “असेल,” म्हणाल्या, आणि तसंच लिहून चिठ्ठीची घडी करून ठेवली.

तो कठडा होडीच्या धक्क्यावरचा होता. मुलगा गेल्यानंतर नगरपालिकेने बसवला. रंगाचं काम काकांच्याच ठेकेदाराकडे आलं, तेव्हा काकांनी ते मागून घेतलं. बरोबर कुणाला नेलं नाही. लोखंड घासून, प्रायमर लावून, वर हिरव्या रंगाचे दोन हात त्यांनी एकट्याने दिले. घरी सांगितलं की दवाखान्याचं काम चाललंय.

फोटो पाहिल्यापासून काकांना चैन पडेना. पुढच्या अंकात उत्तर छापून येणार, धक्क्याचं नाव येणार, आणि ते काकू वाचणार. शेवटी एका दुपारी चप्पल अडकवून ते वाचनालयात गेले.

“बाई, एक विनंती होती,” ते म्हणाले. “तो कठड्याचा फोटो... त्याचं उत्तर छापू नका.”

बाई या गावात नंतर आलेल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, निदान सकाळपर्यंत तरी. त्यांचा चेहरा उतरला.

“नाही छापणार,” त्या म्हणाल्या. “काकू सकाळीच येऊन गेल्या. यांना त्रास होईल, एवढंच म्हणाल्या; बाकीचं मागाहून इथल्या लोकांकडून कळलं. मला खरंच कल्पना नव्हती हो, काका.”

काका तिथल्या बाकावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत. बाईंनी पाणी आणून दिलं, ते तसंच राहिलं.

घरी आले तेव्हा काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

“तुला कसं कळलं, तो कठडा कुठला ते?”

काकूंचे हात थांबले नाहीत. “मी जाते तिथे अधूनमधून. भाजीला म्हणून निघते ना, तेव्हा.”

“आणि रंग मी दिलाय, हे?”

“दवाखान्याच्या भिंती पांढऱ्या असतात. तुमच्या नखांत हिरवा होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोललात का?”

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून धक्क्यावर गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. काकांना पायऱ्या उतरवेनात, म्हणून वरच कठड्याला टेकून उभे राहिले. खाली होडीवाला दोर गुंडाळत होता. मग काकाच बोलले.

“त्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, नदीवर जाऊ का म्हणून. मी घाईत होतो. म्हटलं, आईला विचार.”

काकूंनी कठडा घट्ट धरला.

“मलाही विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझी कामाची वेळ झाली होती. मी म्हटलं, बाबांना विचार.”

दोघांनाही जन्मभर वाटत आलं होतं की त्याने एकट्या आपल्यालाच विचारलं आणि आपणच ते टोलवलं. आपण ‘नाही’ म्हटलं असतं, तर. आणि दुसऱ्याला हे कळलं तर तो आपलं तोंड पाहणार नाही, या धास्तीने दोघंही गप्प राहिले होते. काकू तिथेच रडायला लागल्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. होडीवाल्याने एकदा वर पाहिलं आणि तोंड फिरवलं.

हे सगळं काकूंनी मला नंतर सांगितलं. मी विचारलं, “बोलल्यावर हलकं वाटलं असेल ना?”

“हलकं कुठलं?” त्या म्हणाल्या. “आधी मला माझं एकटीचं होतं. आता त्यांचंही कळलं. ते बिचारे एवढी वर्षं हे घेऊन शिडीवर चढत होते गं.”

पण त्यानंतर घरात मुलाचं नाव निघायला लागलं. तो कसा तोतरं बोलायचा, आंघोळीला कसा टाळाटाळ करायचा. काकांचे गुडघे चालू देत तोवर दोघं मिळून धक्क्यावर जात राहिले.

काका मागच्या थंडीत गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. दार वाजलं की उशीवरून मान उचलून विचारत, “आला का गं तो?”

काकू म्हणत, “येईल हो. तुम्हीच म्हणालात ना, जा म्हणून? मीही म्हटलं, जा. येईल आता.”