आमेन म्हणजे अंगठा

एस्तेर टीचर प्रार्थनेच्या वेळी एक डोळा उघडा ठेवायच्या. साऱ्या शाळेचे डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि टीचरांचा उजवा डोळा पहिली ते चौथीच्या रांगांवरून फिरत असायचा. हे मला कसं दिसलं म्हणाल, तर माझे दोन्ही उघडे होते. मी नवीन होतो. डी.एड. करून सरकारी नोकरीची वाट बघत घरी बसलो होतो आणि इथं पगार वेळेवर होतो, एवढ्या एकाच श्रद्धेनं मिशनच्या शाळेत लागलो होतो. डोळा उघडा ठेवलेला देवाला चालतो का, असं मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, देव वरून बघून राहिलाय. खालून बी कुणीतरी बघावं ना."

शाळा हिंगोलीबाहेर, कनेरगाव नाक्याकडं जाणाऱ्या रस्त्याला. ख्रिस्ती लेकरं मोजकीच, बाकी सगळी आसपासच्या शेतकऱ्यांची आणि बाजारातल्या मुसलमान घरांची. रोज एकानं उभं राहून आपल्या मनची प्रार्थना म्हणायची, असा टीचरांचा नेम. प्रार्थना संपली की त्या विचारायच्या, "देवाला सांगितलंस, बराबर केलंस. आता तुज्या वाट्याचं काय?" आजी बरी व्हावी म्हणणाऱ्यानं आजीचे पाय चेपायचे. भांडणं मिटावीत म्हणणाऱ्यानं आधी स्वतःचं मिटवायचं. नुसतं 'आमेन' म्हणून खाली बसणाऱ्यांचीही सुटका नव्हती. "आमेन म्हंजी अंगठा," त्या म्हणायच्या. "एकदा उठवला की मागं घेता येत न्हाई."

लेकरं काही कमी नव्हती. त्यांनी लवकरच पळवाट काढली आणि जिथं आपला हात पोचणारच नाही, अशा प्रार्थना सुरू केल्या. एका बहाद्दरानं आफ्रिकेतल्या हत्तींना पाणी मागितलं. टीचर गंभीर झाल्या. आफ्रिका लांब आहे, हे त्यांना मान्य होतं. तोवर फाटकाबाहेरच्या कुत्र्याला रोज पाणी ठेव, म्हणाल्या. दुसऱ्यानं भारतानं मॅच जिंकावी म्हणून प्रार्थना केली, तर मॅच चालू असताना टीव्हीसमोरची जागा आजोबांना द्यायचं त्याच्या वाट्याला आलं. पोरगं म्हणे दिवसभर दाराच्या फटीतून मॅच बघत होतं.

मिशनची शाळा म्हटल्यावर गावात कुजबुज होतीच. एकदा एक मोठे बागायतदार तणतणत आले. मला वाटलं, आता धर्मांतराचा विषय निघणार. पण त्यांची तकलीफ वेगळीच होती. आईचे गुडघे बरे व्हावेत म्हणून त्यांनी घरच्या देवापुढं हात जोडले, तर चिरंजीव मागून म्हणाले, पप्पा, तुमच्या वाट्याचं काय, दवाखान्यात कधी नेता? "पोरगं बाटवलं असतं तर सरळ तक्रार तरी करता आली असती, बाई," बागायतदार हताश होऊन म्हणाले. "हे कुणाला सांगू?" टीचरांनी त्यांना चहा दिला आणि आईंना कधी नेणार ते विचारलं.

संस्थेचे अध्यक्ष नाताळच्या कार्यक्रमाला यायचे आणि लांबलचक प्रार्थना करायचे. त्यांच्या प्रार्थनेत जगातली सगळी दुःखं यायची आणि लेकरं उभ्या उभ्या पेंगायची. एका साली शाळेचा हातपंप बंद होता. अध्यक्षसाहेबांनी भरल्या गळ्यानं लेकरांच्या पाण्यासाठी देवाला साकडं घातलं. आमेन झालं आणि चौथीतली रुबीना, पंक्चरवाल्याची लेक, हात वर करून उभी राहिली.

"साहेब, तुमच्या वाट्याचं काय?"

साहेब हसले. आम्ही प्रार्थना केली ना बेटा, म्हणाले. रुबीना बसायलाच तयार नाही. ते झालं, त्याच्या पुढं काय, असं तिनं अगदी अदबीनं विचारलं. पालकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून साहेबांना चेहरा हसराच ठेवावा लागला.

नंतर आत बोलावून त्यांनी टीचरांना सुनावलं, की मुलांना आधी आदर शिकवा. पण पंप दुरुस्त झाला. पंपापेक्षा मोठी पाटी साहेबांच्या नावानं शेजारी उभी राहिली. मी चिडलो तर टीचर म्हणाल्या, राहू द्या मास्तर, पाणी पिताना लेकरांना वाचायला काहीतरी लागतंच की.

साऱ्या दुनियेला वाटा वाटून देणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या घरी एक थोरली बहीण होती, मरियममावशी. दोन्ही डोळ्यांनी अंध. पोटचं-पाठचं दुसरं कुणी नाही. टीचर पहाटे तिचं सगळं आवरून शाळेत यायच्या. आपल्यामागं हिचं काय, हा घोर त्यांच्या मनाला लागलेला मला दिसत होता. पण शाळेत असो की चर्चमध्ये, त्यांनी मरियमसाठी मोठ्यानं प्रार्थना केलेली मी कधी ऐकली नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं, तेव्हा मी न राहवून विचारलंच.

"माज्या वाट्याचं मी करून राहिले ना," त्या म्हणाल्या. "चारचौघांत प्रार्थना केली तर लोक आमेन म्हणतील. भिडेपोटी कुणाचा अंगठा काहून घ्यायचा?"

पुढच्याच आठवड्यात त्या गेल्या. मला रडू आवरेना.

दफनाला अध्यक्षसाहेब आले. बागायतदार आले, आता कॉलेजात जाणारी रुबीना आली. साहेबांनी प्रार्थना केली, नेहमीसारखीच लांब. शेवटी गळा भरून म्हणाले, "हे प्रभू, या निराधार मरियम भगिनीचा तूच सांभाळ कर." सगळे आमेन म्हणाले. सवयीनं माझाच आवाज मोठा निघाला.

मरियममावशी कबरीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"साहेब हायेत व्हय? देवाला सांगितलं, बराबर केलं. आता तुमच्या वाट्याचं काय?"

कार्यकारिणीच्या मिटिंगमध्ये विषय घेतो, साहेब म्हणाले.

"घ्या की. पर मिटिंगपस्तोर भूक थांबत न्हाई," मावशी म्हणाल्या. "आन् आमेन कोन कोन म्हनलं?"

मग रुबीना म्हणाली, संध्याकाळची भाकरी माझ्या घरून. बागायतदारांनी वर्षाची ज्वारी कबूल केली. पहाटेचं आवरायला शाळेची मदतनीस बाई तयार झाली. अखेर साहेबांनीही घराचे पत्रे बदलून दिले. पाटी लावू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "लावा की. मला कुठं दिसून राहिलीय."

माझ्या वाट्याला रविवार सकाळ आली. मी मारुतीचा भक्त, पण दर रविवारी मावशींचा हात धरून चर्चमध्ये जातो आणि त्यांच्या शेजारी शेवटच्या बाकावर बसतो. एक डोळा उघडा ठेवतो. कुणी प्रार्थनेला उभं राहिलं की शेवटपर्यंत नीट ऐकून घेतो. मी आमेन म्हणणार, एवढ्यात मावशी माझा हात दाबतात आणि हळूच विचारतात, "झेपंल का, मास्तर?"