दादाच्या बोल्टवरची लाल रेघ

शंकरचा फोन आला तेव्हा मी सेवाग्रामला, दवाखान्यात, ऑपरेशनच्या शेवटी, पोटात एकही राहू नये म्हणून, गॉजचे तुकडे मोजत होते. मोजणी संपेपर्यंत फोन घ्यायचा नाही, हा माझा नियम. बत्तीस भरले, यादीवर टिक केली आणि मग फोन लावला. "ताई, दादा गेले जी... गॅरेजातच. पाना हातात होता."

आर्वीला एसटी डेपोमागे माझ्या मोठ्या भावाचं गॅरेज. शंकर त्याचा वीस वर्षांपासूनचा जोडीदार. दादाचं पोट ट्रॅक्टर-जीपवर, जीव मात्र शर्यतीच्या गाड्यांवर. नागपूरचे हौशी लोक गाड्या घेऊन त्याच्याकडे यायचे, कारण त्याने जोडलेल्या इंजिनाचा बोल्ट सुटत नसे.

मला याचं फार कुतूहल. "इतकं आवळलेलं लोखंड सुटतेच काऊन?" मी विचारायची. "बोल्ट म्हणजे रबर समज, नंदे. आवळला का थोडा ताणते, अन् त्या ताणानंच धरून राह्यते. जास्त ताणला तर तुटते. कमी ताणला तर इंजिनाच्या थरथरीनं फिरत फिरत बाहेर निंघते." म्हणून त्याचा पाना मापाचा, ठरवलेला जोर आला की 'टक्' वाजणारा. आट्यांवर, ते घट्ट धरून ठेवणाऱ्या निळ्या औषधाचा थेंब. आणि शेवटी, बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरणारी एक सलग लाल रेघ. बोल्ट केसभर फिरला तरी ती तुटलेली दिसे. रंग माझ्या नेलपॉलिशचा. लग्नाआधी तो माझ्या बाटल्या चोरायचा. नंतर दर भाऊबीजेला ओवाळून झालं की मीच एक त्याच्या हातात ठेवू लागले.

आमचं भांडण एकच. मी त्याला छापील याद्या नेऊन द्यायची, बोल्टगणिक एक चौकोन. तो त्यावर चहाचे पेले ठेवायचा. "तुही टिक कागदावर राह्यते. मांगून बोल्ट हलला, तर कागदाले कसं समजन?" एका दिवाळीत मी त्याचं गॅरेज आवरायला घेतलं आणि जोडून ठेवलेलं इंजिन थिनरने लख्ख पुसलं. सगळ्या रेघा गेल्या! तो आला, बघितलं, खाली बसला. "नंदे, तू मोजलेले गॉज कोणी परत पोटात टाकले तर?" एवढंच बोलला. मग दोन दिवस इंजिन खोलून पुन्हा जोडत राहिला.

तेरवीनंतर गॅरेजात गेले, तर त्याचं शेवटचं इंजिन स्टँडवर तसंच होतं. गाडी नागपूरच्या एका डॉक्टरांची, शर्यत तीन दिवसांवर. फ्लायव्हीलचे, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाचे, बोल्ट आवळतानाच दादा कोसळला होता. शंकर हताश; त्या दिवसापासून त्याने इंजिनाकडे नीट पाहिलंही नव्हतं. "कोणते पक्के झाले, कोणते नाई, काय समजन ताई? अर्धवट बोल्टनं ताशी दोनशेवर फ्लायव्हील सुटलं, तर डॉक्टरसाहेब घरी येत नाईत. आख्खं खोलतो. शर्यत गेली तर गेली." आख्खं खोलायचं म्हणजे दादाने शेवटचं केलेलं कामही मोडायचं... मी सवयीने म्हणाले, "यादी कुठं आहे?" आणि लगेच दादाची रेघ आठवली. मग टॉर्च घेतला. आठ बोल्ट. पाचांवर लाल रेघ, तीन कोरे.

"पाचाईले पाना लावून पाहा," मी म्हटलं. शंकरने लावला. टक्. रेघ जागची हलली नाही. पाच वेळा तेच. उरलेले तीन त्याने काढले, आटे पुसले, निळं औषध लावून मापात आवळले. मग खिडकीतली नेलपॉलिशची बाटली माझ्यापुढे धरली. "हे तुमीच करा जी."

शर्यत झाल्यावर डॉक्टर गाडी घेऊन आले. कितवा नंबर आला ते सांगत होते, माझं लक्ष नव्हतं. फ्लायव्हील दिसावं म्हणून शंकरने गिअरबॉक्स उतरवला, मी टॉर्च मारला. दादाच्या पाच रेघा बारीक, सरळ. माझ्या तीन जाड, थोड्या वाकड्या. आठही सलग.

बाटली परत खिडकीत ठेवली. तळाला थोडाच रंग उरलाय. भाऊबीजेला नवी न्यायची, हे यादीत लिहून ठेवलं आहे.