समोरच्या दाराचा डबा

समोरच्या फ्लॅटमध्ये ती जपानी बाई राहायला आली, त्या दिवशी मी तिला दारातूनच परत पाठवलं. मी नुकतीच ड्यूटीवरून आले होते, डोळ्यांवर झोप होती. दार उघडलं तर साठीकडे झुकलेली एक बाई उभी. हातात कागदात नीटनेटकं गुंडाळलेलं छोटं पाकीट, आणि माझ्याकडे बघून ती कमरेत वाकली. आमच्या कुवेतमधल्या रिग्गईच्या इमारतीत असं कोणी वाकत नाही. मला वाटलं, काहीतरी विकायला आली आहे. "नको, थँक्यू," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये ती फोनवर बोलत होती, आणि मला दरदरून घाम फुटला. कारण ती जपानी बोलत होती आणि मला ते कळत होतं. तिच्या देशाची भाषा मी गेली काही वर्षं मोबाइलवरून, रिकाम्या वेळात, जिद्दीने शिकत होते. परीक्षाही पास झाले होते. मला जपानमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेचं काम करायचं होतं आणि तिथेच घर करायचं होतं. कुवेतने मला पुष्कळ दिलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण इथे माणूस अकाम्यापुरता, राहण्याचा परवाना आहे तोवरच राहतो. म्हातारपण काढायला इथे कोणी येत नाही, आणि शेजार जुळेपर्यंत शेजाऱ्याचं सामान बांधून झालेलं असतं. मला एकदा कुठेतरी कायमची शेजारीण व्हायचं होतं.

आणि पहिलीच जपानी शेजारीण मी दारातून हाकलली होती.

नंतर समजलं की त्यांच्याकडे नवीन राहायला आलेला माणूस आपणहून भेट घेऊन शेजाऱ्यांकडे जातो. त्या पाकिटात टॉवेल होता. आपल्याकडे उलट. नवीन बिऱ्हाड आलं की शेजारीच चहा घेऊन जातात. म्हणजे त्यांच्या रीतीने बघा की आपल्या, चूक माझीच होती. मी माझ्या आईचा कडीचा डबा काढला, झाकणावर तिचं नाव कोरलेला, त्यात बेसनाचे लाडू भरले आणि समोरची बेल वाजवली.

"मी मूर्ख आहे," असं मी शुद्ध जपानीत म्हणाले. ती आधी दचकली, मग तोंडावर हात ठेवून खळखळून हसली.

चार दिवसांनी डबा परत आला. आत भाताचे तिकोनी मुटके, काळ्या कागदासारख्या शेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेले. त्यांच्याकडे घेतलेल्या भेटीची परतफेड झालीच पाहिजे. आणि माझ्या आईने मला शिकवलेलं, की कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. डबा माझा असला तरी मुटके तिचे होते, म्हणून मी चिवडा पाठवला. तिच्याकडून तांदळाच्या खारवलेल्या चकत्या आल्या. मी शंकरपाळे केले. ती तिच्या रीतीला पक्की, मी माझ्या. थांबणार कोण?

"मम्मा, धिस विल नेव्हर एंड," माझी मुलगी म्हणाली.

"अगं, त्या बाईला मधुमेह करून ठेवशील," नवरा म्हणाला. पण अब्बासियातल्या भारतीय दुकानांत गेला की न सांगता बेसनाचा पुडा घेऊन यायचा.

तिच्या नवऱ्याचं काम एका मोठ्या प्रकल्पावर होतं, तो उशिरा यायचा. दुपारभर ती एकटीच. मी तिला तोंडावर सेन्सेई म्हणायचे आणि मनात बाई. शाळेतल्या बाईंसारखीच ती होती, खडूस नाही पण काही नजरेतून सुटायचं नाही.

एकदा चहा ओतता ओतता म्हणाली, "तुमचं जपानी बातम्या सांगणाऱ्या बाईसारखं आहे. ऐकायला फार छान. पण बातम्या सांगणाऱ्या बाईला कोणी चहाला बोलवत नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण ते खरं होतं. मी प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत न्यायचे, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही. ती मात्र वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याला जागा करून द्यायची. दारात डबा पुढे करताना म्हणायची, "तसं काही विशेष नाही, तरी…" आणि गप्प. मग मी म्हणायचं, "छे, कशाला एवढा त्रास." मग तिने, "नाही, खरंच काही नाही." पहिले काही महिने मला हे नाटक वाटलं. मग एक दिवस डबा देताना मला आमच्या घरातली पंगत आठवली. पक्वान्नांनी ताट भरलेलं आणि आई हात जोडून सांगतेय, "बेताचंच केलंय, गोड मानून घ्या." मी थक्कच झाले. हे तर मला येत होतं! मोबाइलवर शोधत बसले होते इतकंच. त्या दिवसापासून मी जपानी बोलताना परीक्षेतलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि आईसारखी बोलायला लागले. बाई दारातच थांबून गप्पा मारू लागली.

याच सुमारास जपानमधल्या एका वृद्धाश्रमाची ऑनलाइन मुलाखत झाली. मला खात्री होती. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी तोंडी परीक्षेसारखं धाडधाड दिलं. नकार आला: भाषा उत्तम, पण इथल्या माणसांत मिसळतील असं वाटत नाही. म्हणजे दारात शिकलेलं सगळं कॅमेऱ्यासमोर बसल्याबरोबर विसरले होते.

मी तडक समोर गेले आणि विचारलं, "खरं सांगा सेन्सेई. मी तिथे राहू शकेन का?"

तिने दातांतून हवा आत ओढली, मान थोडी कलती केली, आणि माझा कप पुन्हा भरला. एवढंच. मी रागाने घरी आले. एक शब्द, हो किंवा नाही, सांगायला काय जात होतं? रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाले, आता डबा बंद. दुसऱ्या दिवशी करंज्या करून पाठवल्या, कारण डबा माझ्याकडे होता आणि माझी पाळी चुकवणं मला जमेना.

काही महिन्यांनी तिच्या नवऱ्याचं काम संपलं. जायच्या सकाळी ती दारात आली. खाली गाडी उभी होती. हातात माझा डबा, घासून लख्ख केलेला. मी तो हातात घेतला आणि मला कळलं की तो हलका आहे. उघडला. रिकामा होता.

इतक्या दिवसांत तो एकदाही रिकामा आला नव्हता. दोघींपैकी कोणाच्याच रीतीत ते बसत नव्हतं. मला वाटलं, संपलं. हेच तिचं उत्तर. डोळे भरून आले आणि ते लपवायचं मला सुचलं नाही.

तिने माझ्या आईच्या नावावरून बोट फिरवलं. "आता पाळी तुमची," म्हणाली. मी स्वयंपाकघराकडे वळले, तर तिने माझी बाही धरली. "इथे नको. माझं दार आता तिकडे आहे, म्हणून…"

आणि वाक्य तिथेच सोडून ती वाकली. मीही वाकले, आणि सरळ व्हायला मला बराच वेळ लागला.

पुढच्या मुलाखतीत दुसऱ्या एका वृद्धाश्रमाच्या प्रमुख बाई होत्या. त्यांनी विचारलं, "इथे तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?"

पाठ केलेलं उत्तर तयार होतं. ते मी गिळलं. "आहे," म्हणाले, "आणि त्यांच्याकडे एक डबा न्यायचाय, तो राहून गेलाय, तर…" आणि गप्प बसले.

त्या पुढे झुकल्या. "डबा? काय असेल त्यात?"

"बेसनाचे लाडू. आमच्या घरचा गोड पदार्थ. तसं काही विशेष नाही, तरी…"

त्यांनी तोंडावर हात ठेवला. हसू डोळ्यांत दिसलंच. "मग," त्या म्हणाल्या, "दोन डबे आणावे लागतील."

निवड झाली का, हे मी विचारलंच नाही. नंतर रीतसर पत्र आलं तेव्हा नवऱ्याने ते दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. मी ओट्यापाशी होते, बेसन खरपूस भाजून होईस्तोवर मला कढईपासून हलता येत नव्हतं.