तिकिटावरची बाई

फ्लॉरेन्सला जाऊन मी बायकोला चित्रं दाखवली, असं मी खांदा कॉलनीतल्या आमच्या कट्ट्यावर सांगतो. ते खरं नाही. ती तिची तिनंच पाहिली. त्याआधी मी जो पराक्रम केला, तो कट्ट्यावर अजून कुणाला माहीत नाही. तिथं मी फक्त घुमट, पूल आणि पाण्याच्या बाटलीची किंमत यावर बोलतो.

ही चित्रकलेची शिक्षिका, आता निवृत्त. तिच्या लहानपणी शाळेच्या भिंतीवर एक छापील चित्र होतं, शिंपल्यात उभ्या असलेल्या बाईचं. त्या बाईच्या अंगावर कपडे नसल्यामुळे मुख्याध्यापिकांनी गळ्याखाली तपकिरी कागद डकवला होता. हिला दिसायचा तो चेहरा, उडणारे केस आणि कडेचा थोडासा समुद्र. खरं चित्र इटलीत आहे हे कळलं तेव्हापासून ते बघायचं तिच्या मनात होतं. एवढ्या संसारात तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. साडी मागितली असती तर मी निभावून नेलं असतं.

ग्रुप टूरवाले फ्लॉरेन्सला अर्धा दिवस देत होते, तोही जेवण धरून. मी म्हटलं, आपण आपले जाऊ. विमानाचं आणि व्हिसाचं जुन्या पनवेलातल्या एजंटनं पासपोर्ट बघून केलं. चित्रांच्या संग्रहालयाचं तिकीट मात्र मी स्वतः मोबाइलवर काढलं आणि तिला दाखवलंही नाही. सरप्राइज! द्रोणागिरीच्या एका गोदामात मी वीस वर्षं कागदपत्रं तपासली आहेत. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी मी कंटेनर परत पाठवायचो. ड्रायव्हर लोक मला काय म्हणायचे ते इथं लिहिता येणार नाही.

तर फ्लॉरेन्समधला शेवटचा दिवस. सकाळी आम्ही दारात उभे. दारावरच्या बाईनं माझा पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, मान हलवली. मग हिचा पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"ही बाई कुठे आहे?" तिनं तिकिटावर बोट ठेवून मला विचारलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं, त्यामुळे आमचं छान जमत होतं.

"हीच की," मी म्हणालो.

"ही नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिच्या शाळा-कॉलेजच्या दाखल्यांवर माहेरचं नाव, म्हणून नोकरीत तेच, म्हणून पासपोर्टवरही तेच. बदलायला फार खटपट, राहू दे, असं मीच तर म्हणालो होतो. आणि तिकिटावर मी घातलं होतं लग्नात ठेवलेलं नाव, पुढे माझं, पुढे माझं आडनाव. तीन शब्दांतला एकही जुळत नव्हता.

मी समजावायला गेलो. "आमच्याकडे लग्नात नवरा बायकोचं नवीन नाव ठेवतो. ताटात तांदूळ पसरतात, त्यात अंगठीनं लिहितो."

"तांदळात?"

"हो."

"रिसोत्तो?" तो त्यांच्याकडचा भात.

"नाही, कच्च्या तांदळात."

तिनं शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून हे सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग ती म्हणाली, "माझ्या आईच्या पासपोर्टवर अजून तिचंच नाव आहे. आजीच्याही होतं." आणि माझ्यावरून नजर काढून हिला विचारलं, "तुमचं नाव कोणतं?"

हिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हजेरी द्यावी तसं पासपोर्टवरचं नाव सांगितलं. तिन्ही शब्द, सावकाश.

मग हे तिकीट चालणार नाही, दारावरची बाई म्हणाली. पलीकडच्या खिडकीवर नवीन काढा, मिळालं तर मिळालं. रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होत होती.

"तुम्ही जा आत," ही म्हणाली. "तुमचं तिकीट वाया जाईल. मी रांगेत उभी राहते."

"अगं पण..."

"जा म्हटलं ना."

अशा वेळी जायचं नसतं, हे कुठल्याही नवऱ्याला कळलं असतं. मी गेलो.

ते चित्र ज्या खोलीत आहे तिथं हीऽ गर्दी. मी कोपरं मारत पुढं घुसलो, तीन फोटो काढले, आणि मग नुसतं बघितलं. कागदाखाली झाकलेलं सगळं समोर होतं, पाय, शिंपला, लाटा. आणि ते आधी मी बघत होतो, ज्याला हत्ती काढायला सांगितला तर मागून काढतो. दुसऱ्याच्या पानात वाढलेलं आपण जेवून टाकावं तसं झालं. मी तिथून सुटलो. पण बाहेर पडायची वाट खोल्यांमागून खोल्यांतून. तिच्यात माझा पाऊण तास गेला.

बाहेर रांगेत ती नव्हती. खिडकीवर पाटी लागलेली, आजची तिकिटं संपली. फोन लावायची सोय नव्हती, कारण तिथलं सिमकार्ड मी एकच घेतलं होतं, माझ्या फोनात. माझ्याकडून नेट मिळेल तेवढं तिचं चालायचं. मी लांब गेलो की तिचा फोन म्हणजे नुसता आरसा.

मी रांगेच्या जागेवरून चार वेळा फिरलो. परत हॉटेलकडे निघाली असेल तर? तिला रस्ता माहीत नव्हता, पत्ता माझ्या खिशात. शेवटी एका पहारेकऱ्याला गाठून सांगितलं, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज, पिकलेले केस.

"नाव?"

मी आधी एक सांगितलं, मग दुसरं. तो दोन पावलं मागं सरला आणि वॉकीटॉकीवर हात ठेवून उभा राहिला. बायकोची दोन नावं सांगणारा घामाघूम माणूस त्याला कसा दिसला असेल, याची मला कल्पना आहे.

अडीच तासांनी ती बाहेर पडायच्या दारातून आली. चष्मा हातात होता.

"मिळालं तिकीट?"

"शेवटच्या काहींतलं."

"कसं वाटलं?"

"समुद्र मला वाटला होता त्याहून फिका आहे."

आम्ही एका पायरीवर बसलो. तिनं पर्समधून चिवड्याची पुडी काढली, मला दिली.

"खिडकीतल्या माणसानं माझं नाव मोठ्यानं वाचलं," ती म्हणाली. "उच्चाराची वाट लावली. पण सगळं वाचलं. माझं, बाबांचं, आडनाव."

"शाळेत मस्टरवर होतंच की ते."

"मस्टरवर होतं. हाक कोण मारत होतं? शाळेत मी 'बाई'. घरी 'अगं'. तुम्ही ठेवलेल्या नावानं तेवढ्या सासूबाई हाक मारायच्या, त्याही गेल्या."

मी आठवून पाहिलं. मी ठेवलेलं नाव मी स्वतः कधी उच्चारलं होतं? माझ्या फोनमध्ये ती 'घर' म्हणून आहे.

"मग यापुढे मी तुला पहिल्या नावानं..."

"नको. तुमच्या तोंडी ते उसनं वाटेल." मग तिनं विचारलं, "ताटातलं नाव तुम्ही कसं निवडलंत हो?"

"गुरुजींना उरणला दुसरं लग्न गाठायचं होतं. लवकर लिहा म्हणाले. सुचलं ते लिहिलं."

तिनं पुडीची घडी घातली. "मला वाटायचं, विचार करून ठेवलं असेल."

एरवी मी बायकोशी सराईतपणे खोटं बोलतो. नेमकं तेव्हा सुचलं नाही.

पनवेलला परत येऊन आता चार महिने झाले. ती पूर्वीसारखीच बोलते, चिडते, माझ्या फोटोंना हसते. माझंच बिनसलंय. 'अगं' म्हणायला तोंड उघडतो आणि शब्द बाहेर पडत नाही. तिचं माहेरचं नाव घ्यायचा हक्क नाही, आणि मी दिलेलं तर घ्यायची लाज वाटते. म्हणून हल्ली काही सांगायचं असलं की मी उठतो, ती असेल त्या खोलीत जातो आणि तिनं वर बघेपर्यंत उभा राहतो.